बॅक लागली तर पुढचं वर्ष मिळतं का? एटीकेटीचा नीट हिशोब (नागपूर)

कागदपत्री

उन्हाळी परीक्षेचे निकाल लागू लागले की एकच प्रश्न दहा धाग्यांवर पडतो: "दोन बॅक आहेत, पुढं जाता येईल का?" उत्तर देणारे "जमते" किंवा "नाही जमत" एवढं लिहून मोकळे. बॅक म्हणजे नापास होऊन राहिलेला पेपर, आणि तो राहिला असतानाही पुढं जायची सवलत म्हणजे एटीकेटी. नुसतं "दोन बॅक" ऐकून कोणालाच काही सांगता येणार नाही. बॅक कोणत्या सेमचे, एकूण हेड (वेगळे पास करायचे घटक) किती, अभ्यासक्रम कोणता आणि आता कोणत्या सेमला जायचंय, हे चार तपशील हवेतच.

नियम कुठं सापडतो ते आधी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात प्रत्येक अभ्यासक्रमाची परीक्षायोजना 'डायरेक्शन'मध्ये असते. त्याला क्रमांक आणि वर्ष असतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतं, कॉलेजच्या परीक्षा विभागातही असतं. त्यात पासिंग, ग्रेस (थोडक्यात हुकलेल्याला मिळणारे वाढीव गुण) आणि पुढच्या सेमच्या प्रवेशाचा तक्ता असतो. हा तक्ता स्वतः वाचा. सीनियर सांगतो तो त्याच्या बॅचचा नियम असतो आणि दोन वर्षांत डायरेक्शन बदललेलं असू शकतं. बीएचा तक्ता बीएस्सीला लावणं हीसुद्धा नेहमीची गडबड.

मग 'हेड'. हिशोब विषयांचा नसतो, पासिंग हेडचा असतो. एका विषयाची थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळं पास करायचं असेल तर विषय एक पण हेड दोन. थिअरी ८० आणि इंटर्नल २० मिळून ४० लागत असतील तर हेड एकच. इथं पोरं फसतात. इंटर्नलला १६ आहेत आणि पासिंग एकत्र आहे, तर थिअरीत २४ पुरतात. पासिंग वेगळं असेल तर तिथंच ८० पैकी ३२ लागतात, इंटर्नल कितीही चांगलं असो.

तीन वर्षांच्या पदवीत साधारण दिसणारी रचना अशी:

पहिल्या सेमवरून दुसऱ्यात जायला पास असण्याची अट नसते. टर्म पूर्ण हवी आणि परीक्षेचा फॉर्म भरलेला हवा.

तिसऱ्या सेमला जायला पहिल्या दोन सेमचे मिळून निम्मे हेड निघालेले हवेत.

पाचव्या सेमला पहिलं वर्ष पूर्ण साफ, शिवाय तिसऱ्या-चौथ्याचे निम्मे हेड.

निम्मे म्हणजे किती, हेही डायरेक्शनमध्येच पाहायचं. समजा पहिल्या सेमला ७ आणि दुसऱ्याला ८ हेड आहेत. एकूण १५, निम्मे साडेसात. अपूर्णांक खालच्या बाजूला धरायचा असं लिहिलं असेल तर ७ पुरे, वरच्या बाजूला असेल तर ८. एका ओळीवर वर्ष अडकू शकतं.

---

तर्रीपोहे

म्हणजे फर्स्ट इयरला आठ हेड उडाले तरी सेकंड इयर भेटते, अन् थर्ड इयरला फर्स्ट सेमचा एक पेपर राहिला तर घरी बसा? काऊन भाऊ, असं उलटं काऊन?

---

कागदपत्री

@तर्रीपोहे, अट उलटी दिसते खरी, पण मधल्या काळात संधी किती मिळाल्या ते मोजा.

पहिल्या सेमचा पेपर पहिल्यांदा हिवाळी परीक्षेत होतो. प्रत्येक सत्रात बॅकचे पेपर होत असतील तर पुढं त्याच वर्षीची उन्हाळी, दुसऱ्या वर्षीची हिवाळी आणि उन्हाळी. पाचव्या सेमच्या आधी एकूण चार वेळा पेपर देता येतो. दुसऱ्या सेमच्या पेपरला तीन वेळा. पण विषम सेमचे पेपर फक्त हिवाळीत आणि सम सेमचे फक्त उन्हाळीत होत असतील तर दोन्हींना दोनच. म्हणून निकाल हातात आल्याबरोबर पाहायची गोष्ट ही की तुमच्या अभ्यासक्रमाचे बॅकचे पेपर दोन्ही सत्रांत होतात की एकाच. मागच्या दोन सत्रांची वेळापत्रकं काढा, दहा मिनिटांत कळतं.

यातूनच पुढचं निघतं: जुनी बॅक आधी काढायची. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळीत पोरगं चौथ्या सेमच्या सहा पेपरांचा अभ्यास करतं आणि पहिल्या सेमचा एक पेपर "तो काय, निघून जाईल" म्हणून शेवटच्या रात्रीवर ठेवतं. चौथ्या सेमचे दोन उडाले तरी पाचवं सेम मिळतं. पहिल्या सेमचा तो एक उडाला की नाही मिळत. वेळ कमी पडत असेल तर चौथ्या सेमचा एखादा पेपर सोडा, पण पहिल्या वर्षाचा सोडू नका.

---

गणिताचा_तास

कागदपत्रींच्या मांडणीला नव्या शैक्षणिक धोरणाची पुरवणी जोडतो, कारण २०२४-२५ पासून आलेल्यांचा हिशोब क्रेडिटवर, म्हणजे प्रत्येक विषयाला दिलेल्या वजनावर, आहे.

राज्याच्या आराखड्यात सेमला २२ क्रेडिट, वर्षाला ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट अशी रचना आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, शिवाय एनएसएस किंवा खेळासारखे सहअभ्यासक्रम. यातले बरेच दोन-दोन क्रेडिटचे.

आता पुढं जायची अट "निम्मे हेड" आहे की "निम्मे क्रेडिट", हा नुसता शब्दांचा फरक नाही. समजा पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचे ६ आणि दोन क्रेडिटचे १० विषय आहेत. एकूण १६ विषय, ४४ क्रेडिट. एखाद्याचे चार क्रेडिटचे सहाही विषय उडाले आणि दोन क्रेडिटचे सगळे निघाले. विषय मोजले तर १६ पैकी १०, म्हणजे निम्म्याहून जास्त. क्रेडिट मोजले तर ४४ पैकी २०, म्हणजे निम्म्याहून कमी. त्याच मार्कशीटवर एका नियमानं पुढं, दुसऱ्या नियमानं मागं.

उलट बाजूही सांगतो. दोन क्रेडिटच्या विषयांत पोरं लेखी परीक्षेमुळं कमी आणि असाइनमेंट न दिल्यामुळं जास्त अडकतात. "फालतू विषय" म्हणून वही दिलीच नाही, की शून्य. हे इंटर्नल नंतर भरून घेणं पेपर पुन्हा देण्याहून किचकट, कारण त्याला त्या विषयाचे सर शोधावे लागतात आणि गुण पाठवायची खिडकी पुन्हा उघडायची वाट पाहावी लागते.

आता एसजीपीए, म्हणजे एका सेमची ग्रेड सरासरी. दहा गुणी पद्धतीत ओ म्हणजे १०, मग ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. गैरहजर तोही शून्य. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट.

२२ क्रेडिटच्या सेममध्ये १८ क्रेडिटला बी प्लस आणि चार क्रेडिटचा एक पेपर एफ:
१८ × ७ = १२६, भागिले २२ = ५.७३.
तोच पेपर पुढच्या खेपेला कसाबसा पी ग्रेडनं निघाला: १२६ + १६ = १४२, भागिले २२ = ६.४५.
मुळातच बी प्लस असता तर ७.००.

सेमपुरता फरक मोठा वाटतो. पण तीन वर्षांच्या १३२ क्रेडिटवर पसरवा: चार क्रेडिटला ७ ऐवजी ४ म्हणजे १२ पॉइंट गेले, १२ भागिले १३२ = ०.०९. एका निघालेल्या बॅकनं सीजीपीए (सगळ्या सेमची मिळून सरासरी) एका दशांशानंही हलत नाही. "आता माझा सीजीपीए संपला" म्हणून रडणाऱ्यांनी हा भागाकार करून पाहावा. बॅकमुळं गुणांपेक्षा वेळ जास्त जातो.

---

मानेवाडा_पालक

उपयुक्त धागा. एक विचारायचं होतं. मुलीनं रिव्हॅल्युएशन (उत्तरपत्रिकेची फेरतपासणी) टाकलंय, निकाल आलेला नाही, आणि पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख जवळ येत चाललीय. फॉर्म भरावा की थांबावं? कॉलेजात एक जण म्हणतो थांबा, दुसरा म्हणतो भरा.

---

निवृत्त_टेबल

भरा. यात दुसरं मत असायचं कारण नाही.

भरलेली फी सहसा परत मिळत नाही, तेवढं नुकसान धरून चाला. रिव्हॅलमध्ये ताई पास झाली तर तो पेपर द्यायची गरजच उरत नाही. नाही झाली आणि फॉर्म भरलेला नसला तर एक सत्र गेलं. विलंब शुल्कासह आणि त्यानंतर अतिविलंब शुल्कासह फॉर्म घेतात, पण रिव्हॅलचा निकाल त्या तारखांची वाट पाहून लागत नाही.

रिव्हॅलचं तंत्र थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्मे अर्ज आंधळेपणानं टाकले जातात.

आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. छायाप्रतीची आणि रिव्हॅलची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि ती थोडी असते, म्हणून निकालाच्या आठवड्यातच अर्ज जायला हवा. प्रत हाती आली की भावनेनं वाचू नका, या क्रमानं तपासा:

पहिलं, पानं. मूळ उत्तरपत्रिकेची सगळी पानं आहेत का, पुरवणी घेतली असेल तर ती जोडलेली आहे का. स्कॅन करून पडद्यावर तपासणी होते तिथं पुरवणी सुटणं किंवा दोन पानं चिकटून एकच स्कॅन होणं घडू शकतं.

दुसरं, न तपासलेलं उत्तर. प्रत्येक उपप्रश्नापुढं गुण किंवा शून्य हवं. काहीच नसेल तर ते उत्तर वाचलंच गेलं नाही.

तिसरं, बेरीज. प्रश्ननिहाय गुण स्वतः मांडा. पर्यायी प्रश्नांत दोन्ही सोडवले असतील तर जास्त गुणांचं धरलंय का पाहा.

चौथं, प्रश्न क्रमांक. तीन-अ लिहून उत्तर तीन-ब चं असेल तर चूक तुमची. तिथं वाद घालून उपयोग नाही.

पहिल्या तीनपैकी काही सापडलं तर रिव्हॅल जरूर टाका. काहीच सापडलं नाही आणि पासिंगला पंधरा गुण कमी आहेत, तर ते पैसे पुस्तकाला घाला. दोन-तीन गुणांनी हुकलं असेल तर आधी ग्रेसचं कलम वाचा. ग्रेस लागला असता तर निकालातच लागला असता, पण अनेकदा एका हेडमधले दोन गुण कमी असतात आणि दुसऱ्या हेडमुळं ग्रेस अडकलेला असतो. दुसरा हेड निघाला की चित्र बदलतं.

छायाप्रतीची मुदत हुकली तरी माहितीचा अधिकार आहे. परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केलंय. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. मात्र त्यानं रिव्हॅलची गेलेली तारीख परत येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

---

तर्रीपोहे

निकालच उशिरा लावतात अन् पोरायले म्हणतात मुदत गेली.

---

निवृत्त_टेबल

कायद्यात मुदत त्यांनाही आहे भाऊ. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणं शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत लावायचाच. निकाल रखडला तर कॉलेजमार्फत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी विचारणा फाइलीत दिसत नाही.

---

बीफार्म_वर्धारोड

फार्मसीवाल्यांनी वरचा निम्म्या हेडचा तक्ता विसरून जावा. आपल्याला फार्मसी कौन्सिलचा नियम लागतो आणि तो वेगळाच आहे.

पासिंग ५० टक्के, थिअरीत सेमच्या परीक्षेचे ७५ आणि इंटर्नल २५ मिळून. थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळे विषय म्हणून मोजतात. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या सेमचे कितीही बॅक चौथ्या सेमच्या परीक्षेपर्यंत सोबत नेता येतात. पण पहिलं आणि दुसरं सेम पूर्ण निघाल्याशिवाय पाचव्याला बसता येत नाही. पहिली चारही सेम निघाल्याशिवाय सातवं नाही. मध्ये निम्म्याची गाळणी नसल्यामुळं पहिली दोन वर्षं आरामात जातात आणि चौथ्या सेमनंतर एकदम बारा पेपर डोक्यावर बसतात.

सेशनल (इंटर्नलमधली चाचणी) सुधारायची संधी एकदाच. इंटर्नल २५ पैकी ९ असेल तर ५० व्हायला परीक्षेत ७५ पैकी ४१ लागतात. इंटर्नल १८ असेल तर ३२. म्हणून बॅक काढायला बसताना आधी सेशनल सुधारता येतो का ते पाहा, पुस्तक नंतर उघडा.

आणि हजेरी ८० टक्के, थिअरीची वेगळी, प्रॅक्टिकलची वेगळी. हजेरीत अडकलेल्याची ती बॅक नसते, त्याला परीक्षेलाच बसता येत नाही. या दोन गोष्टी घरी सांगताना एकच करून सांगू नका.

---

मेडिकल_चौक

एमबीबीएसला एटीकेटी नाहीच. पहिल्या व्यावसायिक परीक्षेत नापास झालेला दुसऱ्या टप्प्यात जात नाही, पुरवणी परीक्षा द्यावी लागते. पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि इंटर्नशिप सोडून अख्खी पदवी नऊ वर्षांत. हे २०२३ च्या नियमावलीत आहे. मेडिकल असो की मेयो (नागपूरची दोन्ही सरकारी वैद्यकीय कॉलेजं), परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, त्यामुळं नागपूर विद्यापीठाच्या खेटा घालू नका.

---

बजाजनगर_बेंच

माझं मत थोडं वेगळं. तयारी नसेल तर पेपर द्यायचाच कशाला? सोडून द्यावा, पुढच्या सत्रात चांगला अभ्यास करून ए ग्रेड काढावी. आपल्याकडं पुन्हा दिलेल्या पेपरचे गुण कापत नाहीत. पी घेऊन आयुष्यभर बसण्यापेक्षा हे बरं.

---

गणिताचा_तास

@बजाजनगर_बेंच, वर केलेला भागाकार पुन्हा पाहा. पी ऐवजी ए मिळाला तर चार क्रेडिटवर १६ पॉइंट वाढतात, म्हणजे १३२ वर ०.१२. तेवढ्यासाठी एक हेड मोकळा सोडायचा? तो हेड निम्म्याच्या हिशोबात मोजला जातो, पाचव्या सेमची अट अडवतो, आणि पुढच्या सत्रात नव्या सहा पेपरांसोबत द्यावा लागतो. पदकांच्या आणि गुणवत्ता यादीच्या अटींत बहुतेक वेळा "पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण" असं असतं, तेही गेलं. पास झाल्यावर श्रेणी सुधारण्यासाठी पुन्हा बसायची सोय असेल तर ती डायरेक्शनमध्ये वेगळ्या कलमात असते. ती वापरा. मुद्दाम नापास होणं हा त्याला पर्याय नाही.

एकच अपवाद मानतो: एकाच दिवशी सकाळी चौथ्या सेमचा आणि दुपारी दुसऱ्या सेमचा पेपर आला, आणि दोन्हींचा अभ्यास खरंच झालेला नाही. मग चौथ्याचा सोडून दुसऱ्याचा द्यावा. कारण कागदपत्रींनी वर दिलंच आहे.

---

तर्रीपोहे

मे महिन्यात ४५ डिग्रीत दोन टाइम पेपर देऊन दाखवा म्हणा अगोदर. दुसऱ्या पेपरला पेन नाही चालत, घाम चालते.

---

कागदपत्री

विनोद सोडा, यात नियोजनाचा मुद्दा आहे. वेळापत्रक आलं की नियमित आणि बॅकचे पेपर एकाच कागदावर तारीखवार मांडा. दोन पेपर अगदी एकाच वेळी येत असतील तर कॉलेजमार्फत परीक्षा विभागाला लगेच लेखी कळवा. हॉल तिकीट आल्यावर उशीर झालेला असतो. आणि दोन्ही पेपरांची केंद्रं वेगळी असू शकतात. सकाळचं केंद्र हिंगणा रोडला आणि दुपारचं कामठीला असलं तर जेवणाची सुट्टी बसमध्येच जाते.

---

जुना_पॅटर्न

पेपर कोड बदलण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. बॅकच्या फॉर्ममध्ये सगळ्यात जास्त गोंधळ तिथं होतो.

अभ्यासक्रम बदलला की जुन्या योजनेचे पेपर काही ठरावीक सत्रांपुरतेच होतात. त्यानंतर दोन वाटा: नव्या योजनेतला समकक्ष पेपर देणं, किंवा समावेशन करून नव्या योजनेतच जाणं. समकक्ष पेपरांचा तक्ता परिपत्रकासोबत येतो. विषयाचं नाव तेच असलं तरी तो समकक्ष असेलच असं नाही. सांख्यिकीचा पेपर पूर्वी तिसऱ्या सेमला आणि आता दुसऱ्याला असू शकतो, युनिटही बदललेली असतात.

फॉर्म भरताना नावावरून निवडू नका. हातातल्या मार्कशीटवरचा पेपर कोड आणि योजनेचं वर्ष पाहून निवडा. कॉलेजनं फॉर्म इनवर्ड केल्यावर (दाखल करून घेतल्यावर) प्रिंट घ्या, कोड पुन्हा जुळवा. चुकीच्या कोडचं हॉल तिकीट आलं तर केंद्रावर त्याच कोडचा पेपर मिळतो. तो दिला तरी मूळ बॅक तशीच राहते, कारण संगणकाला तो वेगळाच विषय वाटतो. दुरुस्तीचा अर्ज परीक्षेपूर्वी चालतो, निकालानंतर क्वचित.

'शेवटची संधी' असं परिपत्रकात दिसलं तर ते गांभीर्यानं घ्या. मुदतवाढ मिळतेही कधी, पण ती गृहीत धरून अभ्यास टाळू नका.

---

मानेवाडा_पालक

फॉर्म भरला, धन्यवाद. आता शिष्यवृत्तीचं काय होतं? बॅक असल्यावर बंद होते असं ऐकलं.

---

निवृत्त_टेबल

ऐकीव आहे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत स्पष्ट तरतूद आहे: खालच्या वर्गाचे पेपर बाकी असूनही वरच्या वर्गात प्रवेश मिळाला असेल तर त्या वरच्या वर्गाची शिष्यवृत्ती मिळते. अडचण डिटेन झाल्यावर, म्हणजे त्याच वर्गात अडकल्यावर, येते. तोच वर्ग पुन्हा करताना त्याच वर्गाची रक्कम दुसऱ्यांदा मिळेल असं धरू नका. दुसऱ्या योजना असतील तर त्यांच्या अटी वेगळ्या वाचा. महाडीबीटीचा अर्ज नूतनीकरणाचा भरताना मागच्या वर्षाचा निकाल आहे तसाच टाका. बॅक लपवून "उत्तीर्ण" टाकलं आणि मार्कशीट वेगळी निघाली की कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज परत येतो.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला आधी सांगा. बँकांच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला नाही तर जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदतवाढ देता येते. न सांगता राहिलात तर बँक मूळ तारखेवरून हप्ते सुरू करते आणि घरी नोटीस आल्यावर कळतं.

---

वाडी_वेस्ट

कमाल किती वर्षं चालतं हे? भाऊबंदांत एक जण पाचव्या वर्षीही बीकॉमच करून राहिला.

---

गणिताचा_तास

यूजीसीनं २०१५ मध्ये दिलेला ठोकताळा असा: अभ्यासक्रमाची ठरलेली वर्षं अधिक दोन. तीन वर्षांच्या पदवीला पाच, चार वर्षांच्या पदवीला सहा. अपवाद म्हणून विद्यापीठ आणखी एक वर्ष देऊ शकतं. त्या वाढीव काळात खासगी विद्यार्थी म्हणून धरतात, क्रमवारीत नाव येत नाही. बीकॉमच्या पाचव्या वर्षात असणाऱ्यानं आता पुढच्या वर्षावर भरवसा ठेवू नये, याच वर्षात सगळं काढावं.

नव्या धोरणात आणखी एक वाट आहे. पहिल्या वर्षाचे क्रेडिट पूर्ण करून प्रमाणपत्र, दोन वर्षांचे पूर्ण करून पदविका घेऊन बाहेर पडता येतं. तीन वर्षांत परत येऊन एकूण सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करायची. अनेकांना वाटतं की बॅक राहिली तरी दुसऱ्या वर्षाअखेर पदविका मिळेल. नाही मिळत. क्रेडिट बँकेत (विद्यार्थ्याच्या क्रेडिटचं ऑनलाइन खातं) फक्त निघालेल्या विषयांचे क्रेडिट जमा होतात, एफ म्हणजे तिथं काहीच नाही. अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) मार्कशीटशी जोडलेला आहे का आणि क्रेडिट दिसतात का, हे डिजिलॉकरमध्ये दर सेमनंतर पाहत जा.

---

थेम्स_ते_नाग_नदी

बाहेर शिकायला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिकडं हिशोब बराच कडक आहे. इंग्लंडात एमएस्सी १८० क्रेडिटची: शिकवायचे विषय साधारण १२० आणि प्रबंध ६०. पासिंग सहसा ५०. नापास झालेला विषय पुन्हा देता येतो, पण गुण ५० वरच थांबवतात, तुम्ही ७५ मिळवा की ८५. साठला मेरिट आणि सत्तरला डिस्टिंक्शन असल्यामुळं एका विषयानं श्रेणी घसरू शकते. क्रेडिट पूर्ण झाले नाहीत तर १२० वर पीजी डिप्लोमा किंवा ६० वर पीजी सर्टिफिकेट देऊन मोकळं करतात. नंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा कोर्स यशस्वी पूर्ण झाला तरच, आणि अर्ज विद्यार्थी व्हिसा चालू असताना तिथूनच करायचा. रीसिट (फेरपरीक्षा) व्हिसाच्या तारखेपलीकडं गेली तर गुणांपेक्षा तेच मोठं दुखणं होतं.

इथून अर्ज करताना बॅकलॉग सर्टिफिकेट मागतात. एकच विषय तीनदा दिला तर काही विद्यापीठं एक मोजतात, काही तीन. विचारून घ्या, लपवू नका. ट्रान्सक्रिप्टमध्ये सगळं दिसतं.

---

बजाजनगर_बेंच

बाहेरचं बाहेर. इथल्या कॅम्पस प्लेसमेंटचं काय?

---

कागदपत्री

कंपनीची अट दोन प्रकारची असते, जाहिरात नीट वाचा. "चालू बॅकलॉग नसावा" म्हणजे आज शिल्लक नको, पूर्वी होती तरी चालते. "बॅकलॉगचा इतिहास नसावा" म्हणजे कधीच नको. पहिली अट असेल तर मुलाखतीच्या दिवशी निकाल हातात हवा. रिव्हॅल चालू आहे हे कारण तिथं चालत नाही.

स्वायत्त कॉलेजवाल्यांनी लक्षात घ्यावं की त्यांचा नियम त्यांच्या स्वतःच्या परीक्षा विभागाचा असतो. काही ठिकाणी निकालानंतर थोड्याच दिवसांत फेरपरीक्षा होते आणि त्यातच बॅक निघते. व्हीएनआयटीचा तर ग्रेडचा तक्ताही निराळा, डबल ए पासून डबल डी पर्यंत आणि नापासाला डबल एफ. त्यामुळं मित्राचं कॉलेज कोणतं, हे विचारल्याशिवाय त्याचा सल्ला घेऊ नका.

---

मानेवाडा_पालक

शेवटचं विचारतो. कॉलेज म्हणतं पाचव्या सेमला प्रोव्हिजनल प्रवेश घेऊन ठेवा, पहिल्या वर्षाच्या पेपरचा निकाल यायचाय. घ्यावा का?

---

निवृत्त_टेबल

घ्यावा, पण तीन कागद करून. कॉलेज हमीपत्र घेतं, त्याची प्रत स्वतःकडं ठेवा. त्यात "निकाल प्रतिकूल लागल्यास प्रवेश रद्द" असं असतं आणि ते तसंच होतं, तोवरची हजेरी आणि इंटर्नलचे गुण धरत नाहीत. फी भरताना रद्द झाल्यास किती परत मिळेल आणि पुढच्या वर्षी वळती होईल का, हे लेखी घ्या. आणि निकाल लागल्याच्या दिवशीच मार्कशीटची प्रत कॉलेजात जमा करून पोच घ्या, नाहीतर प्रवेश कायम झालेला नसतो आणि पाचव्या सेमच्या परीक्षेचा फॉर्म इनवर्ड होत नाही.

निकालात त्या पेपरसमोर "राखीव" दिसलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा इंटर्नलचे गुण पोचलेले नसतात. कॉलेजनं ते त्याच आठवड्यात पाठवले का, एवढं पाहा.

---

मानेवाडा_पालक

राखीवच आहे! उद्या कॉलेजात जातो.

---

निवृत्त_टेबल

सोबत आधीच्या सेमची मार्कशीट आणि हॉल तिकीट न्या. इंटर्नलचे गुण कॉलेजनं कोणत्या तारखेला पाठवले त्याचा जावक क्रमांक मागा. तो मिळाला तर परीक्षा भवनात काम होतं. नसेल मिळत तर गुण अजून कॉलेजातच पडून आहेत.